नाकाबंदीवरची हुज्जत ‘सरकारी कामात अडथळा’ कशी होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपरात दर दोन दिवसाला एक बातमी असते, ‘पोलिसाशी हुज्जत घालून धक्काबुक्की, सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल’. चार ओळींची बातमी, आणि त्यात भांडण कुठून सुरू झालं ते कधीच नसतं. मी वकिली करतो. पोलिसाला खरंच मारलंय अशाही केसेस बघितल्यात आणि पोराने नुसता हात सोडवून घेतलाय अशाही. लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, या भांडणांचं मूळ दंडाच्या पैशात फार कमी वेळा असतं, चारचौघांत अपमान झाला असं दोघांनाही वाटतं तिथून ते पेटतं, आणि एकदा अंगाला हात लागला की पुढचा कायदाच वेगळा होतो. कलमं नवीन कायद्यांची दिली आहेत, म्हणजे गुन्हा आणि शिक्षेसाठी भारतीय न्याय संहिता (जुन्या आयपीसीच्या जागी) आणि अटक, झडती, कोर्टाच्या पद्धतीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी), जिथे जुना नंबर लोकांच्या तोंडात आहे तिथे तोही दिलाय.

साधं हेल्मेटचं चलान असतं, ते मारामारीपर्यंत जातंच कसं?

बहुतेक वेळा क्रम सारखाच असतो. शिट्टी वाजते, गाडी थोडी पुढे जाऊन थांबते, हवालदाराला वाटतं पळत होता, गाडीवाल्याला वाटतं मी तर थांबलोय. हवालदार येतो आणि पहिलं काम काय, तर चावी काढतो. थांबवलं कशासाठी ते अजून सांगितलेलं नसतं. गाडीवाला म्हणतो ‘चावी का काढली?’ आणि इथून विषय हेल्मेटचा राहतच नाही. मग ‘आवाज खाली’, मग ‘तू कुणाला बोलतोय’, मग मोबाईल बाहेर निघतो, मोबाईल निघाला की पोलीस तो खाली करायला हात पुढे करतो, तो हात झटकला जातो, दुसरा कर्मचारी धावत येऊन हाताचा दंड पकडतो, पकडलेला माणूस अंग ओढतो, आणि त्या ओढाओढीत कुणाचं बटण तुटतं, कुणाची नेमप्लेट पडते. हे सगळं व्हायला दोन-तीन मिनिटं पुरतात. नंतर एफआयआरमध्ये ते ‘गणवेशाची कॉलर पकडून धक्काबुक्की केली’ असं येतं, कधी ते खरं असतं, कधी तुटलेल्या बटणाला तेवढं एक वाक्य चिकटलेलं असतं.

या साखळीत सगळ्यात जास्त नुकसान करणारी कडी मला विचाराल तर कारण न सांगणं ही आहे. ‘सिग्नल तोडलाय, लायसन दाखवा’ एवढं आधी बोललं गेलं तर निम्मे लोक गपचूप पाकीट काढतात. आपल्याला कशासाठी अडवलंय हे माहीत नसलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस मोठ्याने बोलतो, समोरच्याला मात्र तो माज वाटतो.

पोलिसाला गाडीची चावी काढून घ्यायचा अधिकार आहे का?

मोटार वाहन कायद्यात ‘चावी काढून घ्या’ असं सांगणारं कलम नाही. कागदपत्रं मागायचा अधिकार आहे (कलम १३०, गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं की लायसन दाखवावंच लागतं), काही ठराविक परिस्थितीत गाडी ताब्यात घ्यायचा अधिकार आहे (कलम २०७), पण त्याची पद्धत आहे. तरी माझा सल्ला आहे की चावी काढली तर ती ओढून परत घ्यायला जाऊ नका. त्याच्या मुठीतली चावी ओढणं म्हणजे सरळ त्याच्या अंगाला हात लावणं झालं. त्याच्या छातीवरचं नाव वाचून ठेवा, बक्कल नंबर दिसत असेल तर तो, वेळ बघा, आणि ‘साहेब, चलान करा पण चावी द्या’ हे शांतपणे एकदाच बोला. त्याची चूक आहे हे नंतर लेखी सांगता येतं.

कागद सोबत नसले म्हणून घाबरू नका, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन आणि आरसी चालतं, २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसा बदल झालाय. काही जणांना हे अजून माहीत नसतं, तेव्हा नियमाची बातमी दाखवत बसण्यापेक्षा ॲप उघडून कागद दाखवा, वाद लवकर मिटतो.

पोलीस अरे-तुरे करतात, शिव्या देतात. मग आपण का ऐकून घ्यायचं?

तुम्हाला राग येणं बरोबर आहे. चाळिशीतल्या माणसाला बायको-पोरांसमोर विशीतला शिपाई ‘ए, गाडी बाजूला घे’ म्हणतो तेव्हा दंड पाचशेचा असो की पाच हजाराचा, तो विसरला जातो आणि ते ‘ए’ डोक्यात राहतं. हीच गोष्ट उलटीही आहे. भर चौकात उन्हात उभ्या माणसाला पोरं ‘ओ मामा’, ‘पांडू’ म्हणून निघून जातात, ते त्याच्याही डोक्यात राहतं आणि पुढच्या गाडीवाल्यावर निघतं, ज्याचा काहीच संबंध नसतो.

कायद्याचं म्हणाल तर गणवेशामुळे शिवी द्यायची परवानगी मिळत नाही. पण रस्त्यावर शिवीला शिवी दिली की नंतर तुमच्या तक्रारीतला दम जातो, कारण कोर्टात दोघांनीही दिली एवढंच राहतं. मी अशा वेळी लोकांना सांगतो, तुम्ही अहो-जाहो सोडू नका. समोरच्याने तुकारी केली तरी तुम्ही ‘साहेब, तुम्ही’ वर राहिलात तर व्हिडिओत, साक्षीदाराच्या जबाबात, सगळीकडे फरक दिसतो, आणि खूप वेळा समोरचाही दोन वाक्यांत ‘तुम्ही’वर येतो.

आमदारांना किंवा ओळखीच्या साहेबांना फोन लावला तर काम होतं का?

कधी होतं, खोटं कशाला बोलू. पण हाच फोन भांडण पेटवण्यातही पहिल्या नंबरला आहे. ‘मी कोण आहे माहितीये का’ हे वाक्य ऐकलं की त्या हवालदारासमोर दोनच रस्ते राहतात, सगळ्यांदेखत मागे हटायचं किंवा कायदा काय असतो ते दाखवायचं, आणि शेजारी त्याचे सहकारी उभे असतील तर तो बहुतेक दुसरा रस्ता धरतो. फोन करायचाच असेल तर घरच्यांना करा, कुठल्या चौकात आहे ते सांगा, आणि पोलिसाच्या कानाला फोन लावू नका.

नुसतं तोंडाने भांडलो तर ३५३ लागतो का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

जुनं भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. त्यात दोन गोष्टी लागतात, सरकारी नोकर त्याचं काम करत असला पाहिजे आणि त्याला ते काम करू न देण्यासाठी त्याच्यावर हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर झालेला असला पाहिजे. नुसते शब्द म्हणजे हल्ला होत नाही, हे हल्ल्याच्या व्याख्येतच लिहिलंय. पण शब्दासोबत हात उगारला, अंगावर धावून गेलात, तर स्पर्श न होताही हल्ला होऊ शकतो, हे लोकांना माहीत नसतं.

आता याच्या शेजारी दुसरं कलम आहे, २२१, जुनं १८६. सरकारी नोकराला कामात अडथळा करणं, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा अडीच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे अदखलपात्र आहे, जामीनपात्र आहे, वॉरंटशिवाय अटक नाही, आणि कोर्टानेही त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीशिवाय त्याची दखल घ्यायची नसते. १३२ मात्र दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येते) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो). म्हणजे तुम्ही अर्धा तास रस्ता अडवून आरडाओरडा केलात तर २२१, आणि एक धक्का मारला तर १३२. सगळा फरक त्या हाताचा आहे. आणि त्यामुळेच जिथे खरं तर २२१ बसतं तिथेही एफआयआरमध्ये ‘धक्का दिला’ हे दोन शब्द घालून १३२ लावलं जातं, कारण २२१ ने लगेच आत टाकता येत नाही. हे मी सगळ्या पोलिसांबद्दल बोलत नाहीये, पण असं होतं हे कोर्टात बसणाऱ्या कुणालाही विचारा.

सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर वागणुकीबद्दल राग काढणाऱ्यांवर ३५३ लावलं होतं ते रद्द केलं, कारण त्यात बळाचा वापर कुठेच नव्हता.

महाराष्ट्रात ३५३ ला पाच वर्षं शिक्षा होती ना? ती आता आहे का?

होती. त्यामागे एक कारणही होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला पेट्रोल पंपावर ट्रॅफिक हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं, कागदपत्रं मागितली. मुलाने भावाला बोलावलं, भावाने डोक्यात वार केला, आणि काही दिवसांनी ३१ ऑगस्टला शिंदे गेले. हेल्मेट आणि लायसन, एवढ्यावरून एक माणूस घरी परत गेला नाही. त्या काळात पोलिसांवर हल्ल्याच्या बातम्या एकामागे एक येत होत्या, पोलिसांच्या घरच्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढे राज्याने दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली आणि खटला सेशन्स कोर्टाकडे गेला.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले, आणि १३२ मध्ये लिहिलेली शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं आहे. पोलिसाला मार लागला असेल तर वेगळं कलम १२१, साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला एक ते दहा वर्षं. जुन्या तारखेची केस असेल तर तिला जुनाच कायदा लागतो.

मला स्वतःला वाटतं शिक्षा वाढवून चौकातली भांडणं कमी होत नाहीत, कारण रागाच्या भरात कुणाच्या डोक्यात कलम नसतं. पण शिंदेंच्या घरच्यांनी कडक कायदा मागितला असेल तर त्यांना चूक म्हणायची माझी तयारी नाही.

पोलिसाने दंड पकडला आणि मी झटकून सोडवून घेतला, हा हल्ला होतो का?

प्रत्येक वेळी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका केसमध्ये हेच बघितलं. लाचेच्या सापळ्यात पकडलेला माणूस लोकायुक्तांच्या पथकाच्या हातून सुटायला धडपडला, ढकलाढकली झाली, खालच्या कोर्टांनी ३५३ मध्ये दोषी धरलं होतं. सुप्रीम कोर्टाने सोडलं, म्हटलं की ही सुटण्याची धडपड होती, पथकाला मारायचा किंवा रोखायचा हेतू सिद्ध होत नाही.

तरी हा निकाल वाचून कुणी झटके मारायला जाऊ नका. तो निकाल मिळेपर्यंत त्या माणसाची किती वर्षं खालपासून वरपर्यंत कोर्टात गेली असतील याचा विचार करा. अंग ओढणं ही शरीराची आपोआप होणारी गोष्ट आहे, कुणीही मागून पकडलं की आपण आधी ओढतो, मग कळतं कुणी पकडलंय. म्हणून पकडल्याचं जाणवलं की हात सैल सोडा, दोन्ही तळवे दिसतील असे ठेवा आणि ‘मी येतो, ओढू नका’ असं मोठ्याने बोला. मोठ्याने यासाठी की आजूबाजूच्या लोकांना ते ऐकू जावं आणि कुणी शूटिंग करत असेल तर त्यातही यावं. अटकेच्या कलमात (नागरिक सुरक्षा संहिता ४३) असंच आहे, माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन झाला तर अंगाला हात लावायची गरजच उरत नाही.

पोलीसच चुकीचं करत असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे ना?

आहे, पण लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप अरुंद. न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे सरकारी नोकर त्याच्या हुद्द्याच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल तर ते कायद्यात तंतोतंत बसत नसलं तरी त्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही, अपवाद फक्त मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर. म्हणजे चुकीचं चलान, चावी काढणं, दंड पकडणं, यातल्या कशालाच हाताने उत्तर देता येत नाही. साध्या कपड्यातला माणूस असेल आणि तो पोलीस आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तसं समजायला कारणही नसेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून साध्या कपड्यातल्याला आधी ओळखपत्र मागा, हे मागणं हुज्जत होत नाही.

पोलीस किती बळ वापरू शकतात?

अटकेला कुणी जोरात विरोध केला तर अटक करण्यासाठी लागेल तेवढं. आणि एकदा ताब्यात आला की तो पळून जाऊ नये याला लागेल त्यापेक्षा जास्त बांधून ठेवता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६. म्हणजे खाली पाडलेल्या, हात धरलेल्या माणसाला मारलेली काठी ही अटक होत नाही, तो मार होतो, आणि तो कुठल्याच कलमात बसत नाही.

साथनकुलमची गोष्ट विसरू नये असं मला वाटतं. तमिळनाडू, थूथुकुडी जिल्हा, जून २०२०. लॉकडाऊनमध्ये मोबाईलचं दुकान वेळेनंतर उघडं ठेवलं या आरोपावरून बाप आणि मुलगा ताब्यात घेतले, आणि काही दिवसांत एकामागोमाग एक दोघेही गेले. एफआयआरमध्ये लिहिलं होतं की त्यांनी शिवीगाळ केली, जमिनीवर लोळले आणि त्यात त्यांनाच लागलं. त्या एफआयआरमध्येही ३५३ होतं. दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीत तसं काही दिसलं नाही. पोलीस स्टेशनचं फुटेज रोजच्या रोज पुसलं जाईल असं सेटिंग होतं. शेवटी स्टेशनातल्याच एका महिला हेड कॉन्स्टेबलने समोर येऊन काय झालं ते सांगितलं. एवढ्या दबावात ती बोलली, अशा माणसांमुळे पोलीस खात्यावरचा माझा विश्वास अजून आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंजाबात पटियाळाला भाजी मंडईपाशी पास विचारला म्हणून एका पोलिसाचा हात तलवारीने कापला गेला होता, डॉक्टरांनी तो परत जोडला. दोन्ही घटना लॉकडाऊनच्या. दोन्हीकडे सुरुवात एका साध्या नियमाच्या अंमलबजावणीतून झाली.

मी व्हिडिओ काढू शकतो का?

सार्वजनिक रस्त्यावर ड्युटीवरच्या पोलिसाचा व्हिडिओ काढायला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. पोलीस स्टेशनमधल्या व्हिडिओबद्दलही मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या प्रकरणात सांगितलंय की पोलीस स्टेशन हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही.

पण काढायची पद्धत महत्त्वाची. तोंडासमोर फोन नाचवत ‘व्हायरल करतो तुला’ म्हटलं की पुरावा गोळा करणं संपलं आणि धमकी सुरू झाली. शक्य असेल तर ज्याला अडवलंय त्याने काढू नये, सोबतच्याने काढावा, तीन-चार पावलं लांब उभं राहून, न बोलता. आणि फोन मागितला तर झटापट करू नका, ‘जप्त करत असाल तर पंचनामा करा’ म्हणा. नवीन कायद्यात झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग पोलिसांनी स्वतःच करायचं आहे (नागरिक सुरक्षा संहिता १०५).

ड्रिंक अँड ड्राइव्हला फुंकायला नाही म्हटलं तर?

नुकसान तुमचंच. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम. पोलिसाला संशय घ्यायला कारण असेल आणि तुम्ही फुंकायला नकार दिलात तर वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि नकार हा खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येतो. थर्टी फर्स्टच्या रात्रीची सगळ्यात वाईट भांडणं इथेच होतात, कारण एका बाजूला प्यायलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळपासून उभा असलेला. नळी नवीन मागा, तो तुमचा रास्त आग्रह आहे, आणि फुंका.

मित्राला पकडलं म्हणून आम्ही मध्ये पडलो, आमच्यावरही गुन्हा कसा?

कारण पोलिसाला त्या क्षणी मित्र आणि हल्लेखोर यात फरक कळत नाही, त्याला आपल्याभोवती माणसं वाढताना दिसतात. पाच किंवा जास्त जण झालात की बेकायदा जमावाचं कलम (१८९) येऊ शकतं, आणि कमी असाल तरी समान उद्देशाचं ३(५) आहेच. माझ्या बघण्यातल्या बऱ्याच केसेसमध्ये मूळ अडवलेला माणूस शांत होता आणि मागून आलेल्या चुलतभावाने राडा केला. मध्ये पडायचं असेल तर मित्राला धरा, पोलिसाला धरू नका. मित्राला मिठी मारून मागे खेचलं म्हणून कुणावर १३२ लागल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

बाईला पुरुष पोलीस हात लावू शकतो का?

अटक करताना बाईला स्पर्श महिला पोलिसानेच करायचा, परिस्थितीमुळे अगदीच शक्य नसेल तर सोडून. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्यानेच लेखी अहवाल देऊन हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. झडतीही महिलेनेच. ‘महिला पोलीस बोलवा, तोपर्यंत मी इथेच थांबते’ हे वाक्य मुलींना पाठ असावं. ‘इथेच थांबते’ हा भाग विसरू नका, त्याने पळून जायचा संशय संपतो.

तुम्ही पोलिसांची बाजू का घेताय?

बाजू घ्यायची म्हणून नाही, पण बारा-बारा तास आणि सणात त्याहून जास्त ड्युटी केलेला माणूस कसा बोलेल हेही बघायला लागेल ना. गणपतीत बंदोबस्ताला उभा असलेल्या शिपायाला स्वतःच्या घरचा गणपती दिसत नाही. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस स्टेशनला आठ तास ड्युटीचा प्रयोग झाला, तोही एका शिपायानेच आकडेमोड करून मांडलेल्या योजनेवरून, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. मला तो प्रयोग कुठल्याही वाढवलेल्या शिक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. झोप झालेला माणूस ‘तुम्ही’ म्हणतो हो, कुठल्याही नोकरीत.

पण हेही तितकंच खरं की काठी, बेड्या, डायरी आणि लॉकअपची किल्ली एकाच बाजूकडे आहे. नागरिक चुकला तर त्याला शिक्षा करायला अख्खी यंत्रणा आहे, पोलीस चुकला तर नागरिकाला ती यंत्रणा शोधत फिरावं लागतं. म्हणून तापलेलं वातावरण थंड करायची जास्त जबाबदारी मी गणवेशावरच टाकतो.

स्टेशनला नेलं तर काय काय करायचं?

आधी विचारा, अटक आहे की चौकशी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात (१३२ त्यातच येतो) सरसकट अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे ते पोलिसांनी लिहायचं किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहा अशी, नोटीस द्यायची, हे २०१४ पासून सुप्रीम कोर्टाचं सांगणं आहे, तेव्हा नोटिशीचं जुनं कलम ४१-अ होतं. अटक असेल तर कारणं सांगणं, नातेवाईकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं, यातलं काहीच त्यांच्या मर्जीवर नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या गाडी अपघाताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अटकेची कारणं लेखी आणि माणसाला समजेल त्या भाषेत द्यायला सांगितलंय, लगेच शक्य नसेल तर रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायच्या, किमान दोन तास आधी तरी.

मार लागला असेल तर मेडिकलच्या वेळी डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगा, कुठे लागलंय ते दाखवा. पोलीस शेजारी उभा असतो म्हणून लोक गप्प बसतात आणि कागदावर ‘ताजी जखम नाही’ येतं. मॅजिस्ट्रेट विचारतात ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ तिथे मान हलवून नाही म्हटलेलं नंतर फार महागात जातं. आणि सही करायच्या आधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा.

गुन्हा दाखल झालाय. नोकरी, पोलीस भरती, पासपोर्टचं काय?

इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण या केसेसमध्ये भरतीच्या अकॅडमीत पहाटे पळायला जाणारी पोरं खूप असतात. केस पेंडिंग असली तर चारित्र्य पडताळणीत ती येते. ती लपवू नका, भरतीच्या साक्षांकन नमुन्यात विचारलं असेल तर खरं लिहा, कारण क्षुल्लक केस असली तर विचार होऊ शकतो पण माहिती लपवली हे वेगळं कारण होऊन बसतं. पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते, अर्ज केला तर बऱ्याचदा मिळते.

१३२ आपसात मिटवता येत नाही, म्हणजे हवालदार साहेब मोठ्या मनाने ‘जाऊ द्या’ म्हणाले तरी खालचं कोर्ट केस बंद करू शकत नाही. हायकोर्टात रद्द करून घ्यायला जावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता ५२८). अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन, त्यासाठी लपून बसण्यात दिवस घालवू नका, लगेच वकील गाठा.

पोलिसाविरुद्ध तक्रार कुठे करायची?

लेखी, आणि पोच घेऊन. आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्त किंवा झोनचे डीसीपी (उपायुक्त), ग्रामीण भागात एसपी (पोलीस अधीक्षक). त्याने नाही झालं तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालात अशी प्राधिकरणं करायला सांगितलं होतं आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात ते आणलं. राज्य मानवी हक्क आयोग आहे. गुन्हाच घडला असेल आणि कुणी घेत नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५ खाली अर्ज. नुसतं चलान चुकीचं असेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, एवढ्यासाठी भांडायचं कारणच नाही.

फुटेजचा अर्ज मात्र त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी करा. २०२० च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनला सीसीटीव्ही लावून फुटेज १८ महिने ठेवायला सांगितलंय, पण चौकातल्या दुकानाचा कॅमेरा तेवढा थांबत नाही, त्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) काही दिवसांतच जुन्या फुटेजवर नवीन लिहायला लागतो. दुकानदाराला नम्रपणे विनंती करा, पेन ड्राइव्ह घेऊनच जा, आणि स्टेशनला दिलेल्या अर्जात त्या कॅमेऱ्याची जागा लिहा.

केस चालू आहे आणि तोच हवालदार रोज त्याच चौकात उभा असतो. काय करू?

तो तुमच्या केसमधला फिर्यादी आणि साक्षीदार आहे, आणि जामिनाच्या अटीत साक्षीदारांशी संपर्क करू नये असं बहुतेक लिहिलेलं असतं. म्हणून थांबून माफी मागायलाही जाऊ नका, ‘मिटवून टाकू’ म्हणायला तर अजिबात नाही, तेच उद्या साक्षीदारावर दबाव म्हणून येईल. कागद सोबत ठेवा, हेल्मेट घाला, जमलं तर केस संपेपर्यंत दुसऱ्या रस्त्याने जा. त्याने अडवलं तर इतरांना दाखवता तसं लायसन दाखवा, केसचा विषय त्याने काढला तरी ‘साहेब, ते वकील बोलतील’ म्हणा, आणि घरी पोचलात की तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.